‘मात करून’

निवृत्तीनंतर बायकोनं पहिलं काम लावलं ते माळ्यावरच्या कात्रणांचं. चौतीस वर्षांच्या नोकरीतली कात्रणं. क्रिकेटची कधीच रद्दीत गेली, राजकारणाची वाळवीनं नेली. एक जाड फाइल मात्र शाबूत निघाली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत ‘अपंग’ लिहिलेलं, त्यावर काट मारून ‘विकलांग’, त्याखाली बॉलपेननं ‘दिव्यांग’. तिन्ही अक्षरं माझीच.

फाइल उघडून एक खेळ सुरू केला. माझ्या लेखांत ‘अपंगत्वावर मात करून’ हे शब्द किती वेळा आलेत ते मोजायचं. चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. ‘जिद्द’ तर मोजायलाच घेतलं नाही.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. जन्म १९६२चा. दीड वर्षाचा असताना पोलिओ, उजवा पाय गेला. आई ‘पायानं अधू’ म्हणायची, चाळीतली पोरं ‘लंगड्या’. कॅलिपर हाजी अलीच्या संस्थेतून बनवून आणायचो. चामड्याचे पट्टे, लोखंडी सळ्या आणि चालताना होणारा खट् असा आवाज. १९८६ साली एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. मला हवं होतं सिनेमाचं पान, आणि ते मिळालंही. पण पुरवणीच्या संपादकांनी त्याबरोबर आणखी एक गोष्ट गळ्यात मारली. “अपंगांचे विषयही तूच बघ. तुला ते आतून कळतं.” मला आतून काहीही कळत नव्हतं. गुडघा कुठे दुखतो एवढं कळायचं. पण नवीन नोकरीत नाही म्हणायची सोय नसते. अशा रीतीनं सिनेमा आणि पाय मिळून माझी बीट तयार झाली.

सिनेमातला अपंग मी पहिल्यांदा पाहिला तो ‘दोस्ती’मध्ये. चित्रपट १९६४चा, मी पाहिला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन, मॅटिनीला पुन्हा लागला होता. एक मुलगा कुबड्या घेऊन माउथऑर्गन वाजवतो, दुसरा आंधळा, तो गातो. एकही मोठा नट नाही. तरी त्या वर्षी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत यानं राज कपूरच्या ‘संगम’ला मागे टाकलं. थेटरात सगळे रडत होते. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा शेजारच्या बाईंचं लक्ष माझ्या कॅलिपरकडे गेलं, आणि त्यांनी माझ्या हातात शेंगदाण्याची चिक्की ठेवली. वडील ओशाळले. मी चिक्की खाल्ली. चांगली होती. पण पडद्यावरच्या रामूसाठी आलेलं रडू माझ्या हातावर चिक्की होऊन पडलंय, हे तेव्हाही कुठेतरी कळलं असावं. नाहीतर इतक्या वर्षांनी त्या बाईंच्या साडीचा रंग कशाला आठवला असता?

‘दोस्ती’तली दोन्ही मुलं, सुशीलकुमार आणि सुधीरकुमार, प्रत्यक्षात धडधाकट. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आंधळ्याचं काम डोळस नटानंच करायचं, अशीच रीत आहे असं वाटायचं. ही रीत मुळात नव्हती, हे मला फार उशिरा कळलं, एका लेखासाठी जुनी मासिकं चाळताना. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये के. सी. डे कॅमेऱ्यासमोर उभं राहून गात होते, अभिनय करत होते. मन्ना डेंचे काका. लहानपणीच दृष्टी गेलेली. नितीन बोस यांच्या १९३५च्या ‘धूप छांव’मध्ये त्यांनी सूरदासाचं काम केलं. म्हणजे आंधळ्या गायकाच्या भूमिकेत आंधळा गायक, आजपासून नव्वद वर्षांपूर्वी.

याच ‘धूप छांव’ची दुसरी ओळख म्हणजे हिंदी चित्रपटात पार्श्वगायन आलं ते यातून. आता माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. जोवर गाणाऱ्यालाच पडद्यावर दिसावं लागत होतं, तोवर आंधळ्या गायकाला पडद्यावर जागा होती, कारण आवाज त्याच्या देहापासून सुटा करता येत नव्हता. पार्श्वगायन रुळलं आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा हे जमू लागलं. मग आंधळ्याच्या भूमिकेसाठी आंधळा माणूस लागेना. देखणा डोळस नट आणि मागून रफींचा आवाज, काम झालं. रवींद्र जैन ‘चितचोर’चं आणि पुढे दूरदर्शनच्या ‘रामायण’चं संगीत करून घरोघरी पोचले ते नावानं आणि आवाजानं, पडद्यामागून. एका तंत्रानं एका जातीच्या नटांचं काम काढून घेतलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. गिरणीत नवा माग आला तर निदान संप तरी होतो.

हा तर्क मी लेख म्हणून लिहिला तेव्हा पुरवणीत जागा नव्हती. फाइलमध्ये हस्तलिखित आहे.

कॉलेजात असताना १९८० साली सई परांजपेंचा ‘स्पर्श’ पाहिला. नसीरुद्दीन शाह दिल्लीतल्या अंधशाळेचा मुख्याध्यापक, शबाना आझमी त्या शाळेत शिकवायला येणारी विधवा. चित्रण खऱ्या अंधशाळेत, तिथल्याच मुलांना घेऊन. या अनिरुद्धला आंधळेपणाचा त्रास नाही. त्रास आहे तो ‘बिच्चारे’ म्हणणाऱ्यांचा. प्रेमात पडल्यावरही त्याला संशय येतो की ही माझ्यावर प्रेम करतेय की त्याग करतेय. मी हा चित्रपट पाहून घरापर्यंत चालत आलो, कॅलिपरसकट, तीन मैल. आंधळा म्हणून नव्हे, चिडका म्हणून मला तो माणूस ओळखीचा वाटला.

त्याआधीचा गुलजारांचा ‘कोशिश’ (१९७२) मी नंतर पाहिला. संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघंही मूकबधिर नवराबायको. पहिलं मूल पावसात रडत राहतं आणि आईबापांना ऐकू येत नाही, मूल जातं. तो प्रसंग आजही माझ्याच्यानं बघवत नाही. संजीवकुमारना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गुलजारांना पटकथेसाठी मिळाला. मात्र थेटरातल्या प्रतीवर खाली अक्षरं नसत. बहिऱ्या माणसांवरचा चित्रपट बहिऱ्या माणसाला, आजूबाजूची बोलती पात्रं काय म्हणतात ते न कळताच बघावा लागे. हे वाक्य आज किती सोपं वाटतं. ‘कोशिश’वर मी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा हे वाक्य मला सुचलं नाही.

माझा पहिला सही असलेला लेख ‘नाचे मयूरी’वर होता, १९८६. सुधा चंद्रन. १९८१च्या अपघातात पाय गेला, जयपूर फूट बसवला आणि पुन्हा नाचली. चित्रपटात स्वतःचीच भूमिका तिनं केली. इथे तर ‘मात’ पहिल्याच परिच्छेदात आहे, मथळ्यात ‘जिद्द’. पण मला आज लाज वाटते ती त्या शब्दांची नाही, पुढच्या कोऱ्या जागेची. ही बाई त्यानंतर वर्षानुवर्षं मालिकांत काम करत राहिली. २००१च्या ‘कहीं किसी रोज’मधली तिची रमोला सिकंद, त्या टिकल्या आणि तो तोरा, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना पाठ होता. तिच्या पायाचा विषय कुणी काढत नव्हतं. एक अपंग नटी झकास खलनायिका रंगवते आणि प्रेक्षक तिला मनापासून शिव्या घालतात, याहून मोठी बातमी माझ्या बीटमध्ये कोणती असायला हवी होती? फाइलमध्ये त्यावर एक ओळही नाही. ती रडवत नव्हती, म्हणून ती माझ्या बीटमध्ये बसत नव्हती.

आता १९९१. ‘चौकट राजा’. संजय सूरकरांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकरांची निर्मिती, आणि लहानपणीच्या अपघातानं बुद्धीची वाढ खुंटलेल्या नंदूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. त्यापूर्वी जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’नं मतिमंद मुलाच्या आईबापाची घुसमट रंगभूमीवर आणली होतीच; पण सिनेमा गावोगाव गेला. मी भरभरून लिहिलं. प्रभावळकरांची मान, बोटं, ओठाची कड, सगळ्याची नोंद. ते काम होतंच तसं, त्याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही.

आठवड्याभरानं डोंबिवलीहून एका बाईंचं पत्र आलं. दोन पानी, रेघांच्या वहीचा कागद. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, मतिमंद. माझं परीक्षण वाचून त्या त्याला घेऊन हा चित्रपट बघायला गेल्या. मुलाला नंदू फार आवडला. तो मोठ्यानं हसायला लागला, जिथे लोक रडत होते तिथेसुद्धा. मागून शुक् शुक् झालं. मग डोअरकीपर बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, बाहेर घेऊन जा, लोकांना त्रास होतोय. त्या उठल्या. पत्रात लिहिलं होतं, पडद्यावरच्या वेड्यासाठी डोळे पुसणाऱ्या माणसांनी आमच्यासाठी पाय बाजूला घेतले, एवढंच.

पत्र मी वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे दिलं. तिथून परत आलं, ‘जागा नाही’. जागा नव्हती हे खोटं नव्हतं. पण ते घेऊन मी संपादकांकडे गेलो असतो तर चौकटीत नक्की बसलं असतं. (अपंगांच्या बातम्या तेव्हा चौकटीतच जायच्या, पानाचा कोपरा भरायला. चित्रपटाच्या नावावर मी तेव्हा कोटीही केली होती.) मी गेलो नाही. माझ्याच परीक्षणाखाली ते छापलं गेलं असतं, आणि परीक्षण माझं गाजत होतं.

१९९६च्या फेब्रुवारीत अपंग व्यक्तींचा कायदा लागू झाला. संसदेनं तो आदल्या डिसेंबरात केला होता. देशात पहिल्यांदाच असा कायदा, त्यात सात प्रकारचं अपंगत्व, नोकरीत तीन टक्के आरक्षण. आमच्याकडे आतल्या पानावर दीड कॉलम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संजय लीला भन्साळींचा ‘खामोशी’ आला, गोव्यातलं मूकबधिर जोडपं, नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास. त्याला पुरवणीचं अख्खं पान, ते मी लावलं. नानानं खुणांची भाषा कशी पेलली यावर सहाशे शब्द. कायद्याचा दीड कॉलमही माझाच होता, तो तीनशेचा.

पुढची गोष्ट २००४ची. संदीप सावंत यांचा ‘श्वास’. कोकणातला छोटा परशुराम, डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. आणि ती जायच्या आधी नातवाला जग दाखवायला धडपडणारे अरुण नलावडेंचे आजोबा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ, मग ऑस्करसाठी भारताची निवड. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून ‘श्वास’ म्हणजे ऑस्कर. खर्चासाठी पैसे कसे उभे राहताहेत, अमेरिकेत खेळ किती होणार. मी रोज काहीतरी लिहीत होतो.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. अंधशाळेत संगीत शिकवणारे एक गुरुजी, स्वतः पूर्ण अंध. म्हणाले, “तुमचं सगळं मला विद्यार्थी वाचून दाखवतात. एक विचारायचं होतं. परवा चित्रपटाला गेलो होतो. शेवटी बोलणं थांबलं आणि लोक मुसमुसायला लागले. बरोबरचा मुलगाही रडत होता, त्याला सांगता येईना. काय झालं शेवटी?”

मी म्हणालो, मुलगा होडीतून घरी परततो. डोळ्यांवर काळा चष्मा आहे.

“बरं. होडीत तो कुठे बसलाय? आजोबांना टेकून की वेगळा?”

मला आठवेना.

“चेहरा कसा आहे त्याचा?”

मी काहीतरी सांगितलं. शांत आहे, असं. ते म्हणाले, “शांत म्हणजे हरलेला की बरा? आमच्यात फरक असतो.”

दोन वेळा बघितलेला, चार लेख लिहिलेला चित्रपट, आणि मला शेवटचं दृश्य सांगता येत नव्हतं. मी त्याला ‘हृदयस्पर्शी’ म्हटलं होतं. त्या शब्दात होडी कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा गेलो, अंधारात अंदाजानं लिहून काढलं, आणि संध्याकाळी गुरुजींना फोन करून ओळीनं सगळं वाचून दाखवलं. मध्येच त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, “आता बघितला.” त्यानंतर बरीच वर्षं आमचा परिपाठ होता, नवा चित्रपट आला की रविवारी सकाळी मी फोनवर तो त्यांना ‘दाखवायचो’. माझी परीक्षणं त्यानं सुधारली, असं ऑफिसातले म्हणायचे. कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. २००८च्या फेब्रुवारीत स्वागत थोरातांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं तेव्हा गुरुजींनीच मला ती बातमी दिली. थोरात स्वतः पत्रकार, अंध कलाकारांना घेऊन नाटक बसवणारे. गुरुजी म्हणाले, “आता तुमचं नाही, दुसऱ्याचं वाचतो, आणि माझं मी वाचतो.”

‘मात’ मात्र सुटली नव्हती. ती सुटली २०१४ साली, आणि सोडवली माझ्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या एका उपसंपादक मुलीनं. महेश लिमयेंचा ‘यलो’ आला होता. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, आणि पडद्यावर गौरीच्या भूमिकेत स्वतः गौरी. मृणाल कुलकर्णी आईच्या भूमिकेत. मी मजकूर पाठवला. मुलगी प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“सर, इथे ‘डाउन सिंड्रोमवर मात करून’ लिहिलंय तुम्ही.”

“मग?”

“मात कशी? डाउन सिंड्रोम तर आहेच ना तिला अजून?”

मी तिच्याकडे बघत बसलो. अठ्ठावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि माझा स्वतःचा पाय टेबलाखाली कॅलिपरमध्ये होता. मी तरी कशावर मात केली होती? जिना चढताना कठडा धरत होतो, एवढंच. तिनं ते दोन शब्द काढले. वाक्य उरलं : गौरी पोहते. पुरेसं होतं.

शब्दांचं म्हणाल तर २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ सुचवला आणि बघता बघता सरकारी पाट्या बदलल्या. मी पुठ्ठ्यावर लिहिला खरा, पण जिभेवर बसला नाही. माझ्या पायात दिव्य काही नाही. त्यापेक्षा २०१६चा नवा कायदा कामाचा. सातांचे एकवीस प्रकार झाले, तीन टक्क्यांचे चार. ‘तारे जमीन पर’ पाहून २००७ साली लोकांनी ज्या डिस्लेक्सियासाठी रुमाल भिजवले, तो अपंगत्वाच्या केंद्रीय कायद्यात यायला आणखी नऊ वर्षं लागली.

आणि पेटकर. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. सैन्यातला बॉक्सर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं, १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक. माझ्या फाइलमध्ये पेटकरांवरचं पहिलं कात्रण २०१८चं, पद्मश्री मिळाली तेव्हाचं. बत्तीस वर्षं बीट माझी, माणूस माझ्या राज्यातला, माझ्या भाषेतला, आणि मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. चित्रपट आला नव्हता ना.

तो २०२४च्या जूनमध्ये आला, ‘चंदू चॅम्पियन’. मी तोवर निवृत्त, आणि दोन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत. पोलिओचा पाय म्हातारपणी पुन्हा हिशोब मागतो. मुलानं मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली. खुर्चीची जागा पडद्याला लागून, पहिल्या रांगेच्या टोकाला. बायको आणि मुलगा वर, आठव्या रांगेत. मान मागे टाकून मी पेटकरांना पोहताना पाहिलं; कार्तिक आर्यनचा एक खांदा एवढा मोठा दिसत होता की दुसरा दिसतच नव्हता. मध्यंतरात कुणी चिक्की दिली नाही, पॉपकॉर्न बायको वरून घेऊन आली.

पुढच्याच महिन्यात, ८ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ‘आंख मिचोली’ या विनोदी चित्रपटाविरुद्ध निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले होते. न्यायालयानं चित्रपटाला हात लावला नाही, पण अपंगांना हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद यांत भेद केला, आणि पडद्यावर अपंग कसा दाखवावा याची सूत्रं घालून दिली. त्याआधी २०२३च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीला दृश्यवर्णन आणि अक्षरं द्यायला सांगितलं होतं. २०२४च्या मार्चमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची थेटरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही आली. गुरुजी तेवढे दिवस थांबले नाहीत. दृश्यवर्णनाची कल्पना त्यांना फार आवडली असती, आणि वर्णन करणाऱ्याच्या चुकाही त्यांनी काढल्या असत्या.

फाइल आवरताना डोंबिवलीचं पत्र पुन्हा वाचलं. पहिलं पान मला पाठ होतं, ज्यात डोअरकीपर आहे. दुसरं पान मी विसरलो होतो. त्यात तक्रार नाही. बाईंनी लिहिलंय की मुलगा रोज नंदूचं नाव घेतो, उरलेला चित्रपट दाखव म्हणतो. तुम्ही नेहमी थेटरात जाता, तर कोणत्या दिवशी, कितीच्या खेळाला गर्दी सगळ्यात कमी असते, तेवढं कळवाल का? सोबत पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड जोडलंय.

पोस्टकार्ड अजून टाचणीला आहे, कोरं. सोमवारची मॅटिनी. तेव्हाही मला माहीत होतं.